इथे थांबलं ते गेलं कुठे?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तर त्याच रात्री लिहायला घेतलं होतं, पण पहिली दोन पानं नुसत्या रागाची झाली म्हणून फाडून टाकली. राग तुझ्यावर नव्हता. तुझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाच्या समासात मार्गदर्शकांनी पेन्सिलीनं लिहिलेल्या त्या दोन शब्दांवर होता: ‘अभ्यासक्षेत्राबाहेरचा मुद्दा’. हे दोन शब्द मी चांगले ओळखते. तुझ्या वयाची असताना माझ्याही कागदांच्या समासात ते होते, आणि ते माझ्याच अक्षरात होते.

तुझा पेच मला जसा कळला तसा आधी मांडते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर तुला सांगता येईल. तू निवडलेल्या खोऱ्यात तोडबंदी आली आणि त्यानंतर वीस वर्षांत जंगल वाढलं. उपग्रहचित्रं तेच सांगतात, लोक तेच सांगतात, तू पायी फिरून घेतलेल्या नोंदीही तेच सांगतात. प्रबंध जवळजवळ उभा राहिला. मग शेवटच्या फेरीत पावसानं गाठलं, तू एका लाकडाच्या वखारीत आडोशाला थांबलीस, मालकानं बोलता बोलता नोंदवही पुढे केली, आणि तिच्यात अशा झाडांची नावं निघाली जी त्या खोऱ्यात उगवतच नाहीत. दारं-खिडक्या होतायत, तुळया चढतायत, आणि लाकूड येतंय बाहेरून. तेव्हापासून तुला झोप नाही. हे प्रबंधात घालू की नको, हा तुझा एक प्रश्न. आणि दुसरा, जो तू पत्राच्या अगदी शेवटी, जणू लिहावा की नाही असं करत लिहिलास: सगळंच सगळ्याशी जोडलेलं असेल तर एका खोऱ्याचा अभ्यास करण्यात अर्थ काय उरतो?

पहिल्याचं उत्तर ‘घाल’. त्यावर चर्चा नको. दुसऱ्या प्रश्नासाठी हे पत्र.

आधी माझी एक गोष्ट. वर्गात मी ती कधी सांगितलेली नाही. नव्वदच्या दशकात मी एका पाणलोटाचं काम करत होते. उतारावर चराईबंदी लागू झाली होती आणि तिचा परिणाम मोजायचा होता. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची चित्रं तेव्हा विकत घ्यावी लागत. ती सगळ्यांना फुकट मिळायला लागली २००८ पासून. त्यामुळे आमच्याकडे मोजून दोन चित्रं होती, सहा वर्षांच्या अंतराची. इन्फ्रारेड पट्टा लाल रंगात दाखवायची पद्धत तुला माहीतच आहे. हिरवं जेवढं दाट तेवढं लाल. पहिल्या चित्रात आमचा उतार राखाडी होता, दुसऱ्यात लालसर झाला होता. आम्हाला जे हवं होतं ते समोर होतं.

लँडसॅटच्या एका चित्राची रुंदी १८५ किलोमीटर. आमचा पाणलोट त्यात नखाएवढा. अहवालात घालण्यासाठी मी तेवढा भाग कापून घेत होते. पाणलोटाची हद्द डोंगराच्या माथ्यावरून जाते, कारण पाणी तिथून दोन्हीकडे वाटलं जातं. कापताना माथ्याच्या पलीकडचा उतार दिसत होता. पहिल्या चित्रात तो फिका लाल होता, दुसऱ्यात जवळजवळ पांढरा. मला तो दिसला. मी थांबून पाहिलं, दोन्ही चित्रांत पुन्हा पाहिलं, आणि समासात लिहिलं: अभ्यासक्षेत्राबाहेरचा मुद्दा. मग हद्दीवरून कापलं. एका मिनिटाचं काम.

दोन वर्षांनी दुसऱ्याच निमित्तानं मी तो माथा ओलांडला. सोबत एक म्हातारी मेंढपाळ बाई होती. माथ्याच्या खिंडीत तिनं मला एक वाट दाखवली, खुरांनी झिजून घोट्याएवढी खोल गेलेली. कडेची माती अजून भुसभुशीत होती, म्हणजे वाट जुनी नव्हती. ती म्हणाली, ‘ही बंदीनंतरची. तुम्ही कुंपण घातलंत, पण जनावरांची पोटं तेवढीच राहिली.’

आमच्या अहवालावरून तोवर आणखी तीन ठिकाणी बंदी आली होती.

त्या दिवसापासून मी एकच प्रश्न धरून बसले आहे. इथे थांबलं ते गेलं कुठे? चराई थांबली, तोड थांबली, नांगरट थांबली, छान झालं. गेलं कुठे? माझे सहकारी या प्रश्नाला कंटाळले. बैठकांमध्ये मी हात वर केला की काहींच्या चेहऱ्यावर आधीच उत्तर दिसायचं. चालेल. तुझ्या पिढीनं तो कंटाळा येईपर्यंत विचारावा अशी माझी इच्छा आहे.

हद्दीवरून कापून टाकायची ही खोड आपल्या विषयाच्या पायातच आहे. योहान फॉन थ्यूनेननं १८२६ साली जमीन-वापराचा पहिला नीटस सिद्धांत मांडला तेव्हा त्यानं एक शहर कल्पिलं. सपाट आणि सारख्या कसाची जमीन, मधोमध एकच बाजारपेठ, भोवती पिकांची वर्तुळं, आणि सगळ्यात बाहेर रान. त्या रानापलीकडच्या जगाशी या शहराचं काही देणंघेणं नाही. थ्यूनेन स्वतः शेती करणारा माणूस होता, हे निव्वळ गृहीतक आहे याची त्याला पुरती जाण होती. पुढच्यांनी वर्तुळं उचलली आणि गृहीतक विसरले. आजही कित्येक प्रबंधांचा नकाशा काळ्या रेघेनं वेढलेला असतो आणि रेघेबाहेर कोरा पांढरा कागद असतो. त्या पांढऱ्या कागदावर माणसं राहतात.

व्हिएतनामचं उदाहरण तू वाचलेलं आहेस, पण मला वाटतं घाईत वाचलंस. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथलं जंगल वाढत गेलं आणि जगभर त्याचं कौतुक झालं. पॅट्रिक मेफ्रॉइट आणि एरिक लँबिन या जमीन-वापराच्या अभ्यासकांनी २००९ साली हिशेब मांडला: १९८७ ते २००६ या काळात जेवढं जंगल वाढलं, त्याच्या ३९ टक्क्यांएवढी तोड दुसऱ्या देशांत सरकली होती. आयात लाकडातलं निम्म्याच्या आसपास बेकायदा होतं. लोक इथे थांबतात आणि ‘बघा, सगळं खोटं’ म्हणतात. तूही पत्रात जवळजवळ तेच म्हटलंयस. पण त्या हिशेबाची दुसरी बाजू वाच ना. ६१ टक्के वाढ अशा सरकवण्याशी जोडलेली नव्हती. ते जंगल खरोखरच परत आलं होतं. आणि सरकलेल्या तोडीचंही त्यांनी गाठोडं बांधून ठेवलं नाही, उकललं: त्यातला ५८ टक्के भाग तोडीवरच्या निर्बंधांमुळे बाहेर गेलेला, ४२ टक्के देशातला खप आणि निर्यात वाढल्यामुळे. त्यातही मौज अशी की व्हिएतनामनं बाहेर विकलेल्या लाकडी मालाचं प्रमाण या सरकलेल्या तोडीच्या ८४ टक्क्यांएवढं होतं. म्हणजे लाकूड एका देशातून आलं, व्हिएतनामात त्याला आकार मिळाला, आणि ते तिसऱ्याच देशातल्या घरात गेलं. दोष कुणाच्या खात्यावर लिहायचा? ज्यांनी तोडलं त्यांच्या, ज्यांनी घडवलं त्यांच्या, की ज्यांनी वापरलं त्यांच्या? यावर वाद आहे आणि तो राहील. पण तो वाद घालता येतो तो कुणीतरी हद्दीवर बसून मोजलं म्हणून.

चीनमध्ये १९९८ च्या यांगत्से नदीच्या पुरानंतर नैसर्गिक जंगलांतल्या तोडीवर बंदी आली, आणि त्यानंतर चीन जगातल्या सर्वांत मोठ्या लाकूड आयातदारांपैकी एक झाला. पूर खरा होता, बंदीही गरजेची होती. उतारांवर झाडं परत आली हेही खरं. गेलं कुठे, हा प्रश्न विचारल्यानं यातलं काहीच खोटं ठरत नाही. हे मला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण लोकांना वाटतं की मी प्रत्येक चांगल्या बातमीवर पाणी ओतायला बसले आहे.

आता तुझा दुसरा प्रश्न. तो वाचून मी थोडी चिडले, हे कबूल करते. ‘सगळंच सगळ्याशी जोडलेलं आहे’ हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं परिषदांमध्ये ऐकते आहे आणि ते म्हणणारा माणूस बहुधा त्यानंतर काहीच मोजत नाही. सगळं जोडलेलं असतं, पण सारखं जोडलेलं नसतं. गाईस्ट आणि लँबिन यांनी २००२ साली उष्ण कटिबंधातल्या जंगलतोडीच्या १५२ अभ्यासांची छाननी केली. सगळीकडे एकच कारण नव्हतं, पण सगळीकडे सगळीच कारणंही नव्हती. ठरावीक कारणं ठरावीक गठ्ठ्यांत येत होती: शेतीचा विस्तार, रस्ते, लाकूड, आणि त्यांच्यामागे बाजार, धोरणं, लोकांची ये-जा. जोडण्या मोजता येतात. काही जाड असतात, काही धाग्याएवढ्या. जाड कोणत्या ते शोधणं हेच आपलं काम.

हद्द तर काढावीच लागेल. हद्दीशिवाय अभ्यास म्हणजे नुसती हळहळ. पण हद्दीवर नाका बसव. आत काय येतं, बाहेर काय जातं, याची नोंद ठेव. हद्द किती मोठी, हे तुझं वाक्य किती मोठं आहे त्यावर ठरतं. ‘या खोऱ्यात जंगल वाढलं’ एवढंच म्हणायचं असेल तर खोऱ्याची हद्द पुरते. ‘तोडबंदीनं जंगल वाचवलं’ असं म्हणायचं असेल तर नाही पुरत. लाकूड जिथून येतं तिथवर जावं लागेल. आणि तुझ्या शेवटच्या प्रकरणात ते जे वाक्य आहे ना, ‘हे धोरण इतरत्रही राबवता येईल’, त्याला तर सगळ्यात मोठी हद्द लागते. सगळ्यांनीच राबवलं तर मग लाकूड येणार कुठून? मार्गदर्शकांनी त्या वाक्यावर बरोबरची खूण केली आहे. त्यावर कुणी ‘अभ्यासक्षेत्राबाहेरचा मुद्दा’ असं लिहिलेलं नाही. हे त्यांना दाखव, शांतपणे.

नोंदवहीचं काय करायचं ते सांगते. पहिल्यांदा ती तीन ढिगांत लाव. बंदीआधी खोऱ्यातलं लाकूड ज्या कामाला लागत होतं त्याच कामासाठी आता बाहेरून येणारं, हा एक ढीग. ही खरी गळती. नवीन घरं, नवीन गरजा, ज्या बंदी नसती तरी वाढल्याच असत्या, हा दुसरा. आणि खोऱ्यात येऊन, घडून, पुन्हा बाहेर जाणारं, तिसरा. ढीग काटेकोर होणार नाहीत, कारण एकाच ट्रकमध्ये तिन्ही असतील. अंदाजाची वरची आणि खालची मर्यादा दे. आयात वाढली म्हणजे ती बंदीमुळेच वाढली, असं एका दमात लिहून टाकलंस तर तू माझ्याच चुकीची उलटी बाजू करशील. मी दिसलेलं लपवलं. तू न दिसलेलं लिहिशील. दोन्हीत म्हातारीनं दाखवलेली वाट चालायचं राहूनच जातं.

२००८ सालचा मक्याच्या इथेनॉलचा वाद आठवतो? टिमोथी सर्चिंगर आणि सहकाऱ्यांनी मांडलं की अमेरिकेत मका इंधनाकडे वळला की धान्याची तूट जगात दुसरीकडे नवी जमीन फोडून भरली जाईल, आणि ती जमीन मोडताना सुटणारा कार्बन धरला तर तीस वर्षांच्या हिशेबात हे इंधन पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट उत्सर्जन करेल. केवढं वादळ उठलं. पुढच्या कित्येक अभ्यासांत तो आकडा बराच खाली आला, आणि आजही प्रत्येक मॉडेलचा आकडा वेगळा आहे. सर्चिंगरच्या विरोधकांनी यावरून त्यांना धारेवर धरलं. पण त्याआधी बहुतेक हिशेबांत त्या रकान्यात शून्य होतं. कुणी मुद्दाम लिहिलेलं नव्हतं, रकानाच नव्हता. चुकीचा आकडा दुरुस्त होतो. नसलेल्या रकान्याला दुरुस्त कोण करणार?

या सगळ्याला २०१३ साली जियांगुओ लिऊ आणि सहकाऱ्यांनी टेलिकपलिंगची चौकट दिली. आपण दूरजोडणी म्हणू. तिच्यात पाठवणारी जागा असते, घेणारी जागा असते, आणि तिसरी एक असते जिला या व्यवहारात कुणी विचारलेलंच नसतं, पण झळ तिला लागते. २०१८ मध्ये चीननं अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा कर लावला आणि मागणी ब्राझीलकडे वळली. भांडण दोन देशांचं, आणि भार जाऊन पडला तिसऱ्याच्या जमिनीवर. मला ही चौकट आवडते ती त्या तिसऱ्या जागेमुळे. माझ्या पाणलोटात तिसरी जागा माथ्याच्या पलीकडचा उतार होती. तुझ्यासाठी ती कोणती, हे वखारीच्या मालकाला बहुधा माहीत आहे.

तू थकून लिहिलंयस की गळती सगळीकडेच असेल तर कुठलंच धोरण काय कामाचं. हे मात्र साफ चूक आहे. ब्राझीलमधल्या अ‍ॅमेझॉनची वार्षिक तोड २००४ साली २७ हजार चौरस किलोमीटरच्या वर होती, २०१२ साली ती साडेचार हजारांच्या आसपास आली. उपग्रहानं पाळत, जागेवर दंड, कर्जावर अटी, राखीव क्षेत्रं, आणि ताज्या तोडीवर पिकलेला माल घ्यायचा नाही असा, २००६ पासून व्यापाऱ्यांनी पाळलेला सोयाबीन करार. त्या कराराआधीच्या दोन वर्षांत अ‍ॅमेझॉनमधल्या सोयाविस्ताराचा सुमारे ३० टक्के भाग ताज्या तोडीवर झाला होता. २०१४ पर्यंत तो एक टक्क्यापर्यंत खाली आला. हे घडलं, माणसांनी घडवलं. आणि त्याच वेळी शेजारचा सेराडो, झुडपांचा आणि गवताचा तो अफाट पठारी प्रदेश, कराराबाहेर राहिला. तिथलं निम्म्याच्या आसपास मूळ रान गेलेलं आहे. उंच झाडं नाहीत म्हणून त्याच्यासाठी रडणारेही कमी. करार वाईट नव्हता. त्याच्या हद्दीपलीकडे कुणाची नजर नव्हती.

युरोपीय संघानं २०२३ साली केलेल्या कायद्यात ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून पिकवलेला माल बाजारात येऊ द्यायचा नाही असं आहे: सोया, पाम तेल, कॉफी, कोको, रबर, लाकूड, गुरं. शेताचे अक्षांश-रेखांश द्यावे लागणार. अंमलबजावणी पुढे ढकलली गेली तरी मी त्याच्या बाजूची आहे. पण स्वच्छ शेतातला माल एका बाजारात आणि उरलेला दुसऱ्या बाजारात, अशी नुसती अदलाबदल झाली तर जमिनीवर काय बदललं? आणि ज्या छोट्या शेतकऱ्याकडे आपल्या तुकड्याचा नकाशाच नाही तो कुठे जाईल? तुझ्या पुढच्या दहा वर्षांचं काम इथे पडलेलं आहे, आणि तू विचारतेस अर्थ काय.

एकरी उत्पन्न वाढवलं की जमीन आपोआप वाचते, हेही कुणी सांगेल. मागणी ठरावीक असेल तर वाचते. माल जगभर खपणारा असेल तर वाढलेल्या नफ्यावर आणखी जमीन नांगराखाली येते. यावर तुझं दुसरं प्रकरण चांगलं आहे, मी काही जोडत नाही.

‘पडीक’ या शब्दावर मात्र थांबते. तुझ्या वर्गवारीत तो चार ठिकाणी आहे. काढून टाक. फिरत्या शेतीतली विसाव्याला ठेवलेली जमीन, ऋतूपुरती चराईची जमीन, सरपणाची, औषधी मुळ्यांची, वाटेची जमीन, हे सगळं वरून एकाच रंगाचं दिसतं आणि आपण एका शब्दात त्याचा निकाल लावतो. २००८ साली मादागास्करमध्ये एका परदेशी कंपनीला सुमारे १३ लाख हेक्टर जमीन भाडेपट्ट्यानं द्यायचं घाटत होतं. एवढी जमीन मोकळीच आहे असं कागदावर मानता येतं. जागेवर जाऊन मानता येत नाही. लोक खवळले, आणि २००९ मध्ये सरकार पडलं त्यामागच्या कारणांत हा व्यवहारही होता. ‘जंगल’ या शब्दाचंही तसंच. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेच्या व्याख्येत अर्धा हेक्टर जागा, पाच मीटर उंचीची झाडं आणि त्यांच्या फांद्या-पानांचं दहा टक्के जागेवर छत्र असलं की जंगल. रबराची लागवड त्यात बसते, पाम तेलाची नाही. तुझ्या खोऱ्यातलं वाढलेलं जंगल नक्की काय आहे, ते तू चालून पाहिलंस म्हणून तुला माहीत आहे. मग ते तक्त्यात का नाही?

आता जे लिहिते ते सल्ला म्हणून घे किंवा माझी कैफियत म्हणून. पाणलोटाच्या त्या चुकीनंतर काही वर्षांनी एका जंगल-कार्बन प्रकल्पाचं, म्हणजे तोड थांबवून वाचलेल्या कार्बनचे पैसे मिळवणाऱ्या प्रकल्पाचं, मोजमाप माझ्याकडे आलं. प्रकल्पाभोवती काही किलोमीटरचा पट्टा आखायचा, त्यातली तोड मोजायची, आणि त्यापलीकडच्या गळतीसाठी ठरावीक टक्के वजा करून मोकळं व्हायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. मी म्हटलं, इथली तोड घरच्या चुलीसाठी नव्हती, बाजारासाठी होती. बाजार शेजारच्या पट्ट्यात शोधत बसत नाही. त्याचं लाकूड तीनशे किलोमीटरवरून येईल. तिथे जाऊन मोजायला दोन महिने द्या. त्यांनी दिले नाहीत, मी सही केली नाही. अहवाल दुसऱ्याच्या सहीनं गेला. माझ्याबरोबर काम करणारा एक तरुण सहकारी होता. त्याचं कंत्राट त्या वर्षी पुढे वाढलं नाही. घरात कमावणारा तो एकटा. त्यानं मला कधी बोल लावला नाही. विषय सोडून दिला. जागेवर जाऊन पाहणाऱ्यांत माझ्या पाहण्यातली सर्वांत चांगली नजर त्याची होती.

आकड्याच्या बाबतीत मी बरोबर होते. आजही तशी सही करणार नाही, हे तुला स्पष्ट सांगते. लोक म्हणाले की आत राहून सुधारणा करता आली असती. नसती आली, दोन महिने द्यायला जे तयार नव्हते ते पुढे काय देणार होते? पण इतकी वर्षं दुसऱ्यांना जो प्रश्न विचारत आले तो त्या दिवशी मी स्वतःला विचारला नाही. माझ्या सहीचा भार मी माझ्या खांद्यावरून उतरवला. गेला कुठे? त्याच्यावर. त्याला आठवडाभर आधी सांगितलं असतं, त्याचं नाव त्या कामातून वेळेत सोडवून घेतलं असतं, तर तेवढं तरी झालं असतं. मला ते सुचलंही नाही. मी बरोबर असण्यात गुंतले होते.

म्हणून तुझ्या मार्गदर्शकांशी तंटा करण्याआधी बघ, तुझ्या या कामावर आणखी कुणाचं काय अवलंबून आहे. तुझ्याबरोबर तीन वर्षं खोरं तुडवणारा तो मुलगा, त्याचं मानधन कुठल्या खात्यातून येतं? ते थांबणार असेल तर आधी त्याची सोय, मग तंटा. मार्गदर्शक वाईट माणूस नाहीत. त्यांना प्रबंध वेळेत हवा आहे, आणि तोही तुझ्याच भल्यासाठी. त्यांना सांग की खोऱ्याच्या जंगलावरचं एकही वाक्य मागे घ्यायचं नाही. एक तक्ता आणि बारा पानं वाढतील. मी नोंदवहीवर आधारलेले असे तक्ते पाहिले आहेत, परीक्षकांना ते आवडतात. ऐकलं नाही तर मला कळव. मी त्यांना लिहीन, आणि या वेळी आवाज न चढवता लिहीन.

आणि वखारीच्या मालकाचा विचार केलास का? पत्रात तू त्याचं नाव, वखारीचं ठिकाण, सगळं लिहून मोकळी झालीस. त्यानं तुला पावसात बसवलं आणि विश्वासानं वही उघडली. त्या लाकडातलं काही बेकायदा असेल तर तुझ्या एका तळटीपेनं पहिला पकडला जाईल तो. तोडणारा नाही, तोडून घेणारा तर नाहीच. प्रबंधात ठिकाण धूसर ठेव, आकडे एकाच वखारीचे दिसणार नाहीत अशा तऱ्हेनं मांड. जमलं तर आणखी तीन-चार वखारी बघ. परत जाशील तेव्हा तू काय लिहिणार आहेस ते त्याला आधी सांग आणि त्याची हरकत ऐकून घे. हरकत घेतली तर त्याचे आकडे वगळ, आणि आयातीच्या सरकारी नोंदी, नाक्यावरच्या पावत्या, वाहतूकदारांचं बोलणं यांतून तीच वाट शोध. वेळ लागेल. लागू दे.

नोंदवहीच्या पानांचे फोटो मला पाठव, पण वरचं नाव झाकून. पहिल्या पानापासून हवेत; बंदीच्या वर्षाच्या आधीची पानं असतील तर ती सगळ्यात आधी. झाडांची नावं स्थानिक बोलीत असतील, त्यातली काही दोन-दोन झाडांना लागू पडतात, तेवढं सुतारांना विचारून घे. अक्षर लागलं नाही तर मी लावून देईन.